‘काही झालं नाही रे!’ : सपोर्ट संपलेल्या विंडोजचं खरं दुखणं

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर मला एकाच प्रश्नाचे दहा-बारा फोन आले. “१४ ऑक्टोबरला विंडोज १० बंद होणार म्हणतात. आमचा कॉम्प्युटर सुरूच होणार नाही का?” विचारणाऱ्यांत एक सीए होते, शाळेतले एक क्लार्क होते, प्रिंटिंग प्रेसवाले काका होते आणि माझा सख्खा मामाही होता. मामाने तर आदल्या रात्री जागून सगळे फोटो पेन ड्राइव्हवर काढून ठेवले.

१५ तारखेला सकाळी मामाने बटण दाबलं. नेहमीसारखी निळी खिडकी उमटली, नेहमीसारखा पत्त्यांचा डाव मांडला गेला. दहा वाजता मला फोन. “काही झालं नाही रे! उगाच घाबरवता तुम्ही लोक.”

सगळी अडचण मामाच्या या वाक्यात आहे. सिलिंडर संपला की शेगडी विझते. रिचार्ज संपला की फोन लागत नाही. सपोर्ट संपला की त्या दिवशी काहीच होत नाही, पुढच्या महिन्यातही बहुधा होत नाही. एक्सेल तेच, प्रिंटरची कुरकुर तीच. जे थांबलं ते मुळात आपल्याला दिसतच नव्हतं, मग ते थांबलेलं तरी कसं दिसणार?

मग थांबतं ते काय?

विंडोज म्हणजे माणसांनी लिहिलेला कोट्यवधी ओळींचा प्रोग्राम. एवढ्या लिखाणात चुका राहणारच. बऱ्याचशा चुका बिनविषारी असतात : एखादं बटण वाकडं दिसतं, एखादी खिडकी अडकून बसते. काही चुका मात्र अशा असतात की त्यातून बाहेरच्या माणसाला आत हात घालता येतो. अशा चुकीला आपण इथे फट म्हणू. या फटी शोधणारे अनेक असतात. कंपनीचे स्वतःचे लोक शोधतात, बक्षिसासाठी काम करणारे संशोधक शोधतात, चोर शोधतात आणि देशोदेशींच्या गुप्तचर संस्थाही शोधतात. फट कंपनीच्या कानावर गेली की ती बुजवायला एक ठिगळ तयार होतं. तोच पॅच, तेच आपलं ‘अपडेट’.

२००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट ही ठिगळं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी वाटते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. त्यामुळे आपल्या ऑफिसांत बुधवारी सकाळी, नेमकं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, ‘रीस्टार्ट करा’ अशी पाटी येते आणि आपण तिला शिव्या घालत ‘नंतर’ दाबतो.

सपोर्ट संपणं म्हणजे हे मंगळवार संपणं. विंडोज एक्सपी २००१ साली आलं, त्याचा शेवटचा मंगळवार होता ८ एप्रिल २०१४. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२०. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि दहा वर्षं ठिगळं घेऊन १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. ठिगळं शिवणारा थांबला. फटी शोधणारे मात्र थांबलेले नाहीत.

जुना सातबारा, नवा सातबारा

इथपर्यंत बहुतेकांना कळतं. पुढची पायरी फारशी कुणी समजावत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

लोकांचा हिशेब साधा असतो. “दहा वर्षं ठिगळं लावून झाली. आता उरल्या असतील त्या दोन-चार बारीक फटी. त्या शोधायला कोण बसलंय?” ऐकायला बरोबर वाटतं. पण विंडोज ११ काही कोऱ्या कागदावर लिहिलेलं नाही. त्याचा मोठा भाग विंडोज १० मधूनच आलेला आहे, आणि १० मधलं कितीतरी त्याच्याही आधीचं आहे. म्हणून ११ मध्ये सापडलेली फट पुष्कळदा १० मध्येही असते.

आता चोराच्या जागी बसून बघा. दुसऱ्या मंगळवारी विंडोज ११ साठी अपडेट आलं. अपडेटच्या आधीची फाइल त्याच्याकडे आहे, नंतरची फाइल कुणालाही मिळते. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि काय बदललं ते बघायचं. तलाठ्याकडचे जुना आणि नवा सातबारा शेजारी ठेवले की फेरफार कुठे झाला ते जसं ओळीवर बोट ठेवून सांगता येतं, तसंच. जिथे बदल झाला तिथे फट होती. हे काम करणारी तयार साधनं आहेत आणि जाणकाराला त्यासाठी फार दिवस लागत नाहीत. या धंद्यातले लोक पॅचच्या मंगळवारनंतरच्या दिवसाला ‘एक्स्प्लॉइट वेनस्डे’, म्हणजे फटीचा फायदा उठवायचा बुधवार, म्हणतात, ते यामुळेच.

म्हणजे गंमत बघा. विंडोज ११ चं प्रत्येक अपडेट हे त्या दिवसापासून विंडोज १० च्या फटींचं जाहीर निवेदन होऊन बसतं. आधी चोर आणि शिंपी यांची शर्यत असायची, कधी हा पुढे, कधी तो. आता शिंपी शेजारच्या घरासाठी ठिगळ शिवतो आणि शिवताना आपल्या घराचं भोक कुठे आहे तेही गावाला दाखवतो.

हे होणार होणार म्हणून वाटही बघावी लागली नाही. सपोर्ट संपल्यानंतरचा पहिलाच पॅचचा मंगळवार ११ नोव्हेंबर २०२५ चा. त्या दिवशीच्या ठिगळांत एक होतं विंडोजच्या कर्नेलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, आणि ती फट हल्लेखोर आधीपासूनच वापरत होते. ज्यांनी जादा मुदतीच्या अपडेटसाठी (त्याबद्दल पुढे येईलच) नाव नोंदवलं होतं त्यांच्या विंडोज १० ला ते ठिगळ मिळालं. मामाच्या कॉम्प्युटरला नाही.

गाभ्यातली फट म्हणजे काय, तेही थोडक्यात. समजा तुम्ही मेलमधलं खोटं ‘कुरिअर बिल’ उघडलंत. त्यातून आलेला प्रोग्राम सुरुवातीला तुमच्या हक्कांनी चालतो. तो तुमच्या फाइल वाचू शकतो, पण अँटिव्हायरस बंद करणं किंवा विंडोजच्याच गाभ्यात मुळं रोवणं त्याला सहसा जमत नाही. गाभ्यातली फट मिळाली की तो भाडेकरूचा मालक होतो. अशा दोन-तीन फटी एकापुढे एक जोडूनच बहुतेक मोठे हल्ले होतात. एकट्या फटीकडे बघून “याने काय होतंय” म्हणणं म्हणून फसवं असतं.

वीस दिवसांचा फरक

२०१० साली घडलेला एक प्रसंग मला नेहमी आठवतो, कारण त्यात तारखा इतक्या नेमक्या जुळून आल्या की कुणी मुद्दाम रचल्यासारख्या वाटतात. त्या वर्षी १३ जुलैला मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० चा आणि एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या आवृत्तीचा सपोर्ट संपवला. त्याच जुलैत जगाला ‘स्टक्सनेट’ची ओळख झाली. इराणच्या अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज बिघडवण्यासाठी तयार केलेला तो किडा पेन ड्राइव्हमधून पसरत होता. पेन ड्राइव्हवरची कुठलीही फाइल उघडायची गरज नव्हती. फोल्डर उघडून शॉर्टकटची चित्रं नुसती पडद्यावर दिसली, तरी पुरे. इराण आणि इंडोनेशियाच्या खालोखाल तो सापडला भारतात.

त्या फटीचं ठिगळ २ ऑगस्ट २०१० ला आलं. नेहमीच्या मंगळवारची वाट न बघता, घाईने. पण सर्व्हिस पॅक २ वाल्यांची मुदत वीस दिवसांपूर्वी संपली होती, त्यांना ते मिळालं नाही. आपल्याकडच्या त्या काळच्या सायबर कॅफेंत आणि झेरॉक्सच्या दुकानांत काय चित्र होतं ते आठवा. एका मशीनला दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह लागायचे आणि विंडोज बहुतेक वेळा कुणीतरी ‘मारून दिलेलं’ असायचं, वर अपडेट बंद करून. अपडेट चालू ठेवलं तर क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चोरून वापरलेलं विंडोज, उघडं पडतं, ही तेव्हाची आणि आजचीही अक्कल.

‘वॉनाक्राय’चं नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याची गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीत एक फट माहीत होती. तिने ती कंपनीला न सांगता स्वतःसाठी राखून ठेवली. मग त्या फटीतून घुसायचं तिचं हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी टाकलं गेलं. मायक्रोसॉफ्टने ठिगळ १४ मार्चलाच दिलं होतं. १२ मे २०१७, शुक्रवार : वॉनाक्राय सुटला. कुणीही कशावरही क्लिक न करता एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत तो दीडशे देशांत पोचला. फाइलना कुलूप आणि पडद्यावर लाल चौकट, तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये टाका. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णालयं चालवणाऱ्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना झळ बसली आणि सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने किड्याच्या पोटात लिहिलेला एक इंटरनेट पत्ता आपल्या नावे नोंदवला आणि त्याचा फैलाव मंदावला.

“एक्सपी वापरत होते म्हणून बुडाले” हे यावरचं ठरलेलं भाष्य. ते खरं नाही. वॉनाक्रायने पकडलेली बहुतांश मशीन विंडोज ७ ची होती, आणि ७ ला तेव्हा सपोर्ट होता. ठिगळ दोन महिने आधी आलेलं होतं, लावलेलं नव्हतं. एक्सपीवर तर हा किडा पुष्कळदा नीट चालायचाच नाही, मशीनच बंद पडायचं. म्हणून मला सपोर्ट संपणं आणि ‘नंतर’ दाबत राहणं हे दोन वेगळे आजार वाटत नाहीत. फरक इतकाच, की ‘नंतर’ दाबणारा मनात आलं तर उद्या दुरुस्त होऊ शकतो. सपोर्ट संपलेल्याला ती सोय राहत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने त्या रात्री अपवाद म्हणून ठिगळ दिलं, सपोर्ट संपल्यावर तीन वर्षांनी. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे दूर बसून कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीच्या, एका भयंकर फटीसाठी पुन्हा एकदा दिलं. असे अपवाद कंपनीच्या मर्जीवर असतात, त्यावर दुकान चालवता येत नाही.

आणि आपल्या दारात? वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ हा तसाच दुसरा किडा सुटला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच फट होती. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात आडवी झाली आणि तिच्या गटाचं उरणजवळ न्हावा-शेव्याच्या बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर ट्रक रांगेत उभे. मर्स्कने स्वतःच जाहीर केलेलं नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरातलं होतं. इथे एक उपकथा सांगायलाच हवी : नॉटपेट्या युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला होता. “बघा, अपडेटनेच घात केला” असं म्हणणाऱ्यांना हा दाखला आवडतो. अपडेट चुकतात, हेही खरं. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटने जगभर पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. पण गोळीची रिअॅक्शन येते म्हणून औषधच बंद, असा निर्णय आपण आईच्या ब्लड प्रेशरबाबत घेत नाही.

“माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?”

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो, काळी टोपी घालून त्याच्याच कॉम्प्युटरची यादी बघत बसलेला. असा माणूस नसतो. इंटरनेटवर प्रोग्राम रात्रंदिवस एकेक पत्ता ठोठावत फिरत असतात : हे दार उघडं आहे का? ही आवृत्ती जुनी आहे का? तुम्ही कोण आहात हे त्यांना ठाऊक नसतं आणि त्याच्याशी देणंघेणंही नसतं. तुमच्याकडे काहीच नसलं तरी तुमचं कनेक्शन असतं. त्यावरून दुसऱ्यांना फसवे मेल जातात, दुसऱ्यांच्या वेबसाइटवर हल्ले होतात, आणि पोलिसांच्या नोंदीत पत्ता तुमचा येतो.

शिवाय ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या त्या सीएंच्या टेबलावर काय होतं ते मी मोजलं. पासष्ट अशिलांच्या डिजिटल सिग्नेचरचे टोकन (पेन ड्राइव्हसारख्या काडीत ठेवलेली सहीच) एका डब्यात, त्यांचे पिन एका एक्सेल शीटमध्ये, शीटचं नाव ‘पिन’. आयकर आणि जीएसटीचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेले. पॅन, आधार, बँक स्टेटमेंट. हे सगळं त्यांचं नव्हतंच, पासष्ट वेगळ्या लोकांचं होतं.

एक प्रसंग जवळून पाहिलेला. २०२१ ची गोष्ट, बाजार समितीतले एक व्यापारी. हिशेबाचा कॉम्प्युटर विंडोज ७ वर. लॉकडाउनमध्ये दिवाणजींना घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी त्याचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून दिलं होतं आणि पासवर्ड होता दुकानाचं नाव, पुढे १२३. एका सोमवारी सकाळी हिशेबाच्या फाइलना कुलूप, नावांमागे भलतीच आडनावं लागलेली, प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत खंडणीची एक चिठ्ठी. “बॅकअप आहे ना?” असं मी विचारलं तेव्हा दिवाणजींनी उत्साहाने मशीनच्या मागे लावलेली हार्ड डिस्क दाखवली. ती कायम तिथेच लावलेली असायची. तिच्यातल्या फाइलनाही तीच आडनावं. चोर जुन्या विंडोजच्या फटीतून आला की त्या पासवर्डमधून, हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही, आणि मी ते ठामपणे कुणाला सांगितलंही नाही. दोन्ही दारं सताड उघडी होती. पुढे तीन महिने दिवाणजी कच्च्या पावत्यांवरून वर्षाचा हिशेब परत चढवत होते.

यावर ठरलेलं उत्तर असतं : “आमच्याकडे अँटिव्हायरस आहे, पैसे भरून घेतलेला.” असू द्या, काढू नका. पण त्याचं काम वॉचमनचं आहे. येणाऱ्याचा चेहरा तो वहीतल्या फोटोंशी ताडून बघतो आणि संशयास्पद हालचाल दिसली तर हटकतो. भिंतच फुटलेली असेल तर वॉचमनने ती बांधायची नसते. गाभ्यातून आलेला तर आधी वॉचमनलाच खोलीत कोंडतो. मायक्रोसॉफ्ट स्वतः विंडोज १० वरच्या डिफेंडर या आपल्या अँटिव्हायरसला २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत नवे फोटो पुरवणार आहे. त्यामुळे पडद्यावरचं हिरवं बरोबरचं चिन्ह दिसत राहील आणि लोकांना वाटेल सगळं ठीक आहे. मला त्या हिरव्या चिन्हाचीच जास्त भीती वाटते.

हळूहळू सुटत जाणारे हात

चोऱ्यामाऱ्या बाजूला ठेवल्या तरी दुसरं एक दुखणं सावकाश येतं. आसपासची सगळी सॉफ्टवेअर एकेक करून त्या जुन्या विंडोजचा हात सोडतात. क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ ला फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडलं, १०९ ही त्यांच्यासाठी शेवटची आवृत्ती. एक्सपीला क्रोमने २०१६ मध्येच सोडलं होतं. ब्राउझर जुना झाला की आधी एखादी वेबसाइट वेडीवाकडी दिसते, मग बँक म्हणते ब्राउझर बदला, मग सरकारी पोर्टल आत घेत नाही. इंटरनेटवर गुप्तपणे बोलण्याची भाषाही बदलत असते आणि एक्सपीला तिची नवी रूपं मुळात शिकवलेलीच नाहीत. वेबसाइटची ओळख पटवणारी जी प्रमाणपत्रं मशीनमध्ये साठवलेली असतात त्यांच्याही मुदती संपतात. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभर जुन्या उपकरणांवर धडधाकट वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणून अडायला लागल्या. मग माणूस काय करतो? ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लावून घेतो. ही सवय लागली की खोट्या साइटवरही बोट तिथेच जातं.

मोठ्या संस्थांना हे कळत नाही असं नाही, त्यांना बदल नको असतो. आपल्या एटीएममध्ये एक्सपी इतकी वर्षं होतं, की शेवटी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना वेळापत्रकच बांधून द्यावं लागलं : सप्टेंबरपर्यंत पाव एटीएम, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्चपर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी. एक्सपीचा सपोर्ट संपून तेव्हा चार वर्षं झाली होती.

प्रेसवाले काका

इतकं लिहिल्यावर, जुनं विंडोज दिसलं की ताबडतोब फेकून द्या असं मी म्हणेन, ही अपेक्षा असेल. प्रेसवाल्या काकांकडे बघून मला तसं म्हणवत नाही.

काकांच्या टेबलावर दोन मशीन आहेत. दिवाळीत फोन आला होता तो विंडोज १० वाल्यासाठी. दुसरं मशीन एक्सपी, त्यात पानं जुळवायचं पेजमेकर ७, आणि मागे जुन्या प्रिंटर पोर्टला श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक, जे लावल्याशिवाय ते चालत नाही. लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, सोसायटीचे अहवाल : वीस वर्षांचं काम त्या फाइलमध्ये आहे. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ सालची, तिला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही. त्या फाइल नव्या मशीनवर उघडल्या तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. नवं सॉफ्टवेअर, नवे फॉन्ट आणि सगळ्या फाइल पुन्हा जुळवणं, याचा खर्च त्यांच्या धंद्याला झेपणारा नाही. असेच लोक पुण्याजवळ भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन चालवतात आणि छोट्या दवाखान्यांत सोनोग्राफी. तिथे लाखोंचं यंत्र ठणठणीत असतं, त्याच्या पोटातलं विंडोज फक्त म्हातारं झालेलं.

काकांना मी एवढंच विचारलं, “या मशीनला इंटरनेट कशाला लागतं?” ते म्हणाले, “व्हॉट्सअॅपवर मजकूर येतो ना.” म्हणजे त्या एक्सपीला इंटरनेट फक्त मजकूर आत घ्यायला हवं होतं. त्या कामाला त्यांच्या मुलाचा बऱ्यापैकी नवा लॅपटॉप घरात पडून होता. धोका वयापेक्षा शेजारावर ठरतो. जुनं मशीन एकटं, कुठल्याच नेटवर्कला न जोडता बसलेलं असेल तर त्याला गाठायला चोराला दुकानात यावं लागेल किंवा पेन ड्राइव्हमधून घुसावं लागेल. तेच मशीन ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे सगळ्या मशीनना जोडणाऱ्या जाळ्यावर, असेल तर ते स्वतःबरोबर शेजारच्या नव्या मशीनांनाही खड्ड्यात नेतं, कारण एकदा आत आलेला आतल्याच दारांनी फिरतो.

विंडोज १० वाल्यांचं काय?

आधी मशीनला ११ चालतं का ते बघा. साधारण २०१८ नंतरचं मशीन असेल, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल, तर बहुधा चालतं. कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएम २.० ही चिप लागते. ती कित्येक मशीनमध्ये असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. “अपग्रेड होत नाही” म्हणून भंगारात निघालेली दोन मशीन मी नुसतं बायोसमध्ये जाऊन ती चालू करून वाचवली आहेत. नियम डावलून जुन्या मशीनवर ११ टाकून देणारेही गल्लोगल्ली आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे फिरून पहिल्याच जागी.

मशीन खरोखरच जुनं असेल, तर घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीस डॉलर भरून मिळते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून मशीनची सेटिंग त्यांच्याकडे साठवायला परवानगी दिलीत, तर पैसे न भरताही मिळते. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, त्यावर असायला हवी. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची जागा आहे. नोंद उशिरा केली तरी मधली ठिगळं मिळतात, मुदत मात्र पुढे सरकत नाही. कंपन्यांसाठी ही मुदत तीन वर्षांपर्यंत विकत मिळते : पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. दुप्पट का, तर तुम्ही लवकर निघावं म्हणून.

तिसरी वाट लिनक्सची. ज्यांचं काम ब्राउझर, मेल, यूट्यूब आणि अधूनमधून एखादं पत्र टाइप करणं एवढंच आहे, त्यांना दहा वर्षं जुन्या मशीनवर लिनक्स मिंट मजेत चालतं. युनिकोड मराठी टायपिंगही होतं. टॅली आणि डिजिटल सिग्नेचरवाल्यांना मात्र मी ही वाट सुचवत नाही. सिग्नेचर टोकनची सॉफ्टवेअर तिथे घोळ घालतात आणि ३० तारखेच्या रात्री रिटर्न भरताना तो घोळ कुणाला नको असतो. आणि लिनक्सच्या आवृत्त्यांनाही मुदत असते, हे विसरू नका. मॅकला असते, खिशातल्या पुष्कळ अँड्रॉइड फोनची तर त्याहून लवकर संपते. ज्या फोनवर आपण यूपीआय चालवतो त्याला शेवटचं सुरक्षा अपडेट कधी आलं होतं, हे एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा.

क्रॅक विंडोजबद्दल एकच सांगतो. ‘अॅक्टिव्हेट’ करून देणाऱ्या प्रोग्रामला बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करायला लागतो आणि मग आपण त्याला अॅडमिनचे हक्क देतो. गाभ्यातली फट शोधायला चोराला घाम गाळावा लागतो. इथे आपण स्वतः दार उघडून पाट मांडतो.

मामाचं नाव मी जादा मुदतीसाठी नोंदवून आलो. दहा मिनिटं लागली, त्यातली आठ मायक्रोसॉफ्ट खात्याचा विसरलेला पासवर्ड शोधण्यात गेली. सीएंनी नवं मशीन घेतलं. टोकनचा डबा आता कपाटात कुलुपात असतो, पिनची शीट अजून आहे. काकांकडे आता व्हॉट्सअॅप लॅपटॉपवर येतं, मजकूर तिथेच श्रीलिपीत बदलला जातो आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ठरलेल्या पेन ड्राइव्हवरून एक्सपीत जातो. त्या पेन ड्राइव्हला त्यांनी लाल दोरा बांधलाय. एक्सपीची लॅनची वायर मी काढली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, नीट गुंडाळली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. “असू दे,” म्हणाले, “कधी लागली तर.” मग मी त्या मशीनच्या लॅन पोर्टवर चिकटपट्टी लावली.